बाराव्या भागातला संप

(मुरुड, जि. लातूर येथे महिला गटांच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात समारोपाच्या सत्रात केलेले भाषण)

काल रात्री जेवणं उरकल्यावर आपण भिंतीला पांढरी चादर लावून एका इंग्रजी मालिकेचा एक भाग पाहिला. अंतराळ स्थानकाची गोष्ट. सुरुवातीला मागून कुणीतरी विचारलं, "आपल्याला अंतराळाशी काय करायचंय? इथं नळाला पाणी नाही." प्रश्न रास्त होता. मी मध्ये मध्ये चित्र थांबवून अर्थ सांगत होते, त्यामुळे चुळबूळही चालू होती. मग मालाच्या धक्क्यावर स्फोट झाला, एक कामगार मेला, आणि दुसऱ्या दिवशी सगळे कामगार एकदम 'आजारी' पडले. तेव्हा मागच्या रांगेतल्या एक सेविका मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "बाई, ह्यो तर आपलाच संप की!"

सगळ्या हसलो. पण नंतर अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आज त्या एका वाक्याला धरूनच बोलणार आहे.

आधी ज्या काल लवकर झोपल्या त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मालिकेचं नाव 'बॅबिलॉन ५'. ३० सप्टेंबर १९९३ ला आपल्याकडे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, २६ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेत या मालिकेचा पहिला हंगाम सुरू झाला. बावीस भाग होते. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की या लेखकानं पाच वर्षांची एकच गोष्ट आधी ठरवून ती हंगामाहंगामानं सांगितली. त्या काळी तिकडच्या बहुतेक मालिकांत एका भागात संकट यायचं आणि त्याच भागात सुटायचं. पुढच्या आठवड्यात सगळे पुन्हा हसतमुख. इथं तसं नाही. आज घेतलेला निर्णय चार भागांनंतर दारात येऊन उभा राहतो. हे ध्यानात ठेवा, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

गोष्ट घडते २२५८ साली. मोठं युद्ध होऊन दहा वर्षं झालेली आहेत. पुन्हा युद्ध होऊ नये म्हणून माणसांनी अंतराळात पाच मैल लांबीचं स्थानक बांधलंय. वेगवेगळ्या ग्रहांचे वकील तिथं एकत्र बसून भांडणं मिटवतात. वस्ती अडीच लाख. म्हणजे एक चांगलं जिल्ह्याचं गाव झालं. पण या गावात विहीर नाही, शेत नाही, बाजार भरायचा तर मालही बाहेरून यायला हवा. आपल्याला हे समजायला अवघड नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आलं होतं. पाच लाख लिटरची पहिली खेप आली तेव्हा स्टेशनवर किती कॅमेरे होते! गाडीचे फोटो निघाले, पुढाऱ्यांचे निघाले. पण मिरजेला टाक्या भरणारे, इथं नळ्या जोडणारे, रात्रीचे जागणारे हात कुणाच्या फोटोत आले?

बॅबिलॉनच्या अकरा भागांत आपण वकील पाहतो, कमांडर पाहतो, याने येता-जाताना पाहतो. ती याने लावतं कोण, माल उतरवतं कोण, हा प्रश्न पहिल्यांदा बाराव्या भागात येतो. नाव 'बाय एनी मीन्स नेसेसरी', म्हणजे 'हवा तो उपाय करून'. हा भाग कॅथरीन ड्रेनन या बाईनं लिहिला आहे. बाईनं लिहिला म्हणून चांगला, असं मी म्हणत नाही. पण धक्क्यावरच्या कामगारांची पुढारी त्यात एक बाई आहे, नीओमा कॉनली. ती मोठमोठी भाषणं करत नाही. कोण किती तास उभं आहे आणि कुठलं यंत्र बिघडलंय, हे तिला तोंडपाठ आहे.

धक्क्यावर माणसं कमी, काम जास्त. पाळीवर पाळी. यंत्रं बिघडलेली. स्फोटानंतर चौकशी होते तेव्हा निकृष्ट सुटे भाग बसवल्याचं उघडकीला येतं. कामगारांना वाटत असतं की नव्या अंदाजपत्रकात तरी आपल्यासाठी पैसे असतील. पृथ्वीवरचं सरकार सांगतं, पैसे नाहीत. सरकारी कंत्राटातल्या कामगारांना संप करायला कायद्यानं बंदी, म्हणून ते 'आजारी' पडतात. मग पृथ्वीवरून वाटाघाटीसाठी एक गृहस्थ येतात. वाटाघाटी म्हणजे काय, तर कामावर या नाहीतर 'रश कायदा' लावतो. संप मोडण्यासाठी 'हवा तो उपाय' करायचा अधिकार देणारा हा कायदा. त्यात लष्कर घालता येतं, आणि पूर्वी एकदा घालून रक्त सांडलेलंही असतं.

मावशींना आपला संप आठवला तो इथं.

महाराष्ट्रात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस मिळून सुमारे दोन लाख. २ ऑक्टोबर १९७५ ला ही योजना देशात सुरू झाली. पन्नास वर्षं झाली. बाळाचं वजन, गरोदर बाईची नोंद, खिचडी, लसीकरणाचा निरोप, निवडणुकीच्या याद्या, सगळं यांच्याकडे. तरी कागदावर या 'मानसेवी'. पगार नाही, मानधन. म्हणजे आपण जणू हौसेनं, फावल्या वेळात पुण्य करायला येतो!

सप्टेंबर २०१७ मध्ये या बायकांनी राज्यभर संप केला, २६ दिवस चालला. मानधनात वाढ पदरात पडली. मग मार्च २०१८ मध्ये सरकारनं त्यांना 'मेस्मा' लावला. मेस्मा म्हणजे अत्यावश्यक सेवांचा कायदा. ही सेवा इतकी महत्त्वाची, की ती थांबवणं हा गुन्हा. विधिमंडळात गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात त्याला स्थगिती द्यावी लागली.

मैत्रिणींनो, हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहा. पैसे द्यायची वेळ आली की तू मानसेवी. संपावर जायची वेळ आली की तू अत्यावश्यक. बाई तीच, काम तेच. घरातही आपण हेच ऐकत आलो. "तू काय करतेस दिवसभर?" असं म्हणणारं घर आपण चार दिवस माहेरी गेलो की बंद पडतं.

निकृष्ट सुट्या भागांची गोष्ट आली तेव्हाही पुढच्या रांगेत कुजबूज झाली, ती मी ऐकली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले होते. फोन तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा खर्च अंगावर यायचा, आणि माहिती भरायची ती इंग्रजीत. नोंद झाली नाही की बोलणी कुणाला? सेविकेला. धक्क्यावरही असंच आहे. यंत्र वाईट दिलं हे नंतर कळतं, आधी विचारतात की कामगाराचं काय चुकलं. हत्यार वाईट द्यायचं आणि हाताला दोष द्यायचा, ही रीत दोन्हीकडे सारखी.

आता त्या भागाचा शेवट. स्थानकाचा कमांडर सिंक्लेअर याच्यावर रश कायदा वापरायची जबाबदारी येते. तो कायदा वाचतो. संप मिटवण्यासाठी 'हवा तो उपाय' करायची मुभा आहे ना? मग हा घ्या उपाय. लष्करी खर्चासाठी ठेवलेल्या पैशातून तो नवी यंत्रं घेतो, माणसं वाढवतो, आणि संपकऱ्यांना माफी देतो. मोडण्यासाठी दिलेल्या कायद्यानं तो मागण्या मान्य करतो. काल इथं टाळ्या पडल्या.

टाळ्या मीही वाजवल्या. पण आज सकाळी मला स्वतःचाच थोडा राग आला. त्याची दोन कारणं.

पहिलं कारण. टाळ्या आपण कमांडरला दिल्या. साहेब चांगला निघाला म्हणून प्रश्न सुटला, असं आपल्याला वाटलं. आपल्या कामातही हा मोह फार असतो. चांगला तहसीलदार आला, चांगल्या फौजदारीणबाई आल्या की आपण निम्मं काम त्यांच्यावर सोडून देतो. त्यांची बदली झाली की हात रिकामे. खरं पाहता, कामगार 'आजारी' पडले नसते तर सिंक्लेअरनं तो कायदा उघडून वाचलाही नसता. कलम तिथं होतंच. ते वाचायला भाग पाडलं ते संपानं. आपल्याकडेही असंच झालं आहे. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आपल्याच राज्यात झाला, तो कुणा साहेबाच्या दयेतून नाही, हमाल संघटित झाले म्हणून. आणि तो कायदा असूनसुद्धा आडत बाजारात सांडलेलं धान्य झाडणाऱ्या, निवडणाऱ्या बायका कुठल्या नोंदवहीत असतात, हे आपल्यातल्या तिथं काम करणाऱ्या बहिणींनी सांगावं.

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या एका दाव्यात सांगितलं की अंगणवाडी सेविका-मदतनिसांना १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. हेही कलम वाचणंच आहे. पण निकालानंतर पैसे आपोआप घरी आले नाहीत. ४ डिसेंबर २०२३ पासून आपल्या राज्यातल्या बायका पुन्हा संपावर बसल्या. ५२ दिवस बसल्या. ग्रॅच्युइटी, पेन्शन, मानधनवाढ याच मागण्या. न्यायालयानं दिलेलं मिळवायलाही रस्त्यावर बसावं लागतं.

दुसरं कारण. भाग संपला आणि आपण दिवे लावले. पण गोष्ट तिथं संपत नाही. त्याच भागाच्या शेवटी सिंक्लेअरला पृथ्वीवरून कळवलं जातं की तुला आता तिथं शत्रू झाले आहेत. सोळाव्या भागात लष्करातून एक अधिकारी येतो आणि स्थानकाच्या वरिष्ठांची निष्ठा तपासू लागतो. चांगल्या कामाची किंमत उशिरा वसूल होते. आणि नीओमा कॉनली? ती त्या हंगामात पुन्हा दिसत नाही. संप जिंकून दिलेली बाई पुढे कुठं गेली, तिची पाळी बदलली का, तिला कुणी त्रास दिला का, हे लेखकांनाही विचारावंसं वाटलं नाही. एवढी पुढचं-मागचं जोडून ठेवणारी मालिका, पण कामगार बाईच्या बाबतीत तिची आठवण एका भागापुरती.

हे सांगताना आपल्याकडे बोट वळवायला हवं. आपण तरी काय करतो?

याच हंगामातला दहावा भाग मी तुम्हाला मुद्दाम दाखवला नाही, कारण तो पाहून मला झोप आली नव्हती. एक आजारी मुलगा आहे. शस्त्रक्रिया केली तर वाचेल. आईबापांचा धर्म सांगतो की शरीर कापलं तर आत्मा निघून जातो. डॉक्टर समजावतात, कमांडरकडे परवानगी मागतात, ती मिळत नाही. शेवटी ते आपल्या जबाबदारीवर शस्त्रक्रिया करतात. मुलगा बरा होतो, हसतो. आईबाप त्याला घेऊन जातात आणि मारून टाकतात, कारण त्यांच्या लेखी आता तो मुलगा राहिलेला नाही, नुसतं कवच उरलं आहे. डॉक्टर बरोबर होता. मुलगा तरीही गेला.

मला माझं एक काम आठवलं. काही वर्षांपूर्वी आम्ही एका मुलीचं लग्न थांबवलं. वय पंधरा. २००६ चा कायदा हातात होता, पोलीस आले, मांडव उतरला, बापानं लिहून दिलं. आम्ही अहवालात 'बालविवाह रोखला' असं लिहिलं आणि पुढच्या गावाला गेलो. मी त्या घरात पुन्हा पाऊल टाकलं ते सात महिन्यांनी. ऊसतोडीला जाताना पोरीला मागं कुणाजवळ ठेवायचं, ही त्या आईची काळजी होती. तिचं उत्तर आम्ही दिलंच नव्हतं. मांडव उतरवल्यावर महिन्याभरातच दुसऱ्या गावी, चार माणसांत, लग्न उरकलं होतं. मुलगी कोयत्यावर गेली होती, पोटात बाळ होतं. आमच्या फायलीत ती अजून 'वाचवलेली' आहे.

मी हे कुणाला दोष द्यायला सांगत नाही. दोष असेल तर माझा आहे. आपण भाग संपला की दिवे लावतो, हा तो दोष.

आणि आणखी एक. त्या सात महिन्यांत मी त्या मुलीशी एकटीशी किती वेळ बोलले? एकदाही नाही. आम्ही बापाशी बोललो, सरपंचांशी बोललो, पोलिसांशी बोललो. याच हंगामाच्या सतराव्या भागात एक अनाथ पोर आहे, अलिसा. चोऱ्यामाऱ्या करून जगते. तिला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येऊ लागतं. त्या जगाचा नियम असा की अशा माणसानं सरकारच्या एका संस्थेत भरती व्हायचं, नाहीतर तुरुंगात जायचं, नाहीतर जन्मभर मन बधिर करणारी इंजेक्शनं घ्यायची. स्थानकाची दुय्यम कमांडर सुझन इवानोवा ही बाई मुलीला त्या संस्थेत जाऊ द्यायला तयार नाही. तिच्या स्वतःच्या आईनं ती इंजेक्शनं घेतली होती, वर्षानुवर्षं, आणि शेवटी जीव दिला होता. हे ती पहिल्याच भागात सांगते. दुसरी बाई, टालिया, त्या संस्थेतलीच. तिला वाटतं, मुलीचं भलं संस्थेतच आहे. दोघी चांगल्या, दोघी जीव तोडून भांडतात, आणि मुलगी मध्ये उभी. शेवटी तिला सगळ्या वाटा दाखवल्या जातात आणि ती स्वतः निवडते. ती निवडते ती वाट दोघींपैकी एकीच्याही मनात सुरुवातीला नव्हती.

हा भाग डी. सी. फोंटाना यांनी लिहिला. डी. म्हणजे डोरोथी. बाईचं नाव पाहून संहिता बाजूला पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं लावायला सुरुवात केली होती. ज्या बाईला स्वतःचं नाव झाकावं लागलं, तिनं मुलीला विचारा असं लिहावं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मालिकेचं कौतुक करून मी थांबणार नाही. १९९४ मध्ये बाई दुय्यम कमांडर दाखवली, शांततेसाठी झटणारी परग्रहावरची वकील डेलेन बाई दाखवली, हे चांगलंच. पण अडीच लाखांच्या त्या गावात स्वयंपाक कोण करतं, खोल्या कोण झाडतं, बाळं कोण सांभाळतं? बावीस भागांत मला तिथं एकही बालवाडी दिसली नाही. २२५८ सालची कल्पना करणाऱ्यांना परग्रहावरची भाषा सुचली, पण पाळणाघर सुचलं नाही. धक्का एकदा तरी दिसला, कारण तिथं स्फोट झाला. आपली कामं स्फोट करत नाहीत. म्हणून ती दिसावीत यासाठी आपल्यालाच संपावर बसावं लागतं.

पहिल्या हंगामाचा शेवटचा भाग १९९४ च्या ऑक्टोबरअखेर आला. त्यात काहीही मिटत नाही. पृथ्वीच्या अध्यक्षांचं यान स्फोटात नष्ट होतं, सुरक्षाप्रमुखाला त्याचाच माणूस पाठीत गोळी घालतो. पाहणाऱ्यांना पुढच्या हंगामाची वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता. आपल्याला वाट पाहत बसायची सोय नाही. आपला पुढचा भाग आपणच लिहायचा आहे.

म्हणून जाता जाता एक साधी गोष्ट सुचवते. प्रत्येक गटाकडे नोंदवही आहे. तक्रार, भेट, काय ठरलं, असे रकाने आहेत. त्यात आणखी दोन रकाने आखा. एक, 'तिला स्वतःला काय हवं होतं?' दुसरा, 'पुढे काय झालं?' तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षानी. हा रकाना रिकामा असेपर्यंत कुणाही बाईची फाईल बंद म्हणायची नाही. संपात पुढं होती ती सेविका आज कशी आहे, तिला नोटीस आली का, हेही त्याच रकान्यात लिहा. या रकान्यात अपयशं फार दिसतील, अहवाल चांगला दिसणार नाही. चालेल.

माझ्या वहीतल्या त्या मुलीच्या नावासमोरचा रकाना मी या शिबिराहून परतल्यावर आधी भरणार आहे. ऊसतोडीची माणसं हंगाम संपवून परतली की तिच्या गावी जायचं ठरवलंय. बरोबर कुणी येणार असेल तर नाव द्या.